वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट निवांत कसं फिरायचं

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन गेम २००४ मधे आला आणि त्याच्या जुन्या भागांत बनवणाऱ्यांनी इतका जीव ओतलाय की बास, पण हल्ली कोणीही नवीन खेळायला बसलं की क्वेस्ट (गेमने दिलेली कामगिरी) घ्यायची, मॅपवरच्या खुणेकडे सुसाट पळायचं, लेव्हल वाढली की पुढची क्वेस्ट, असंच चालू असतं आणि मग महिनाभरात "बोअर झालं" म्हणून गेम डिलीट. म्हणून खास संध्याकाळ काढून फक्त फिरायला जा, पैसे भरायची पण गरज नाही, लेव्हल २० पर्यंत फुकट खेळता येतं. नवीन अकाउंटला आधी एक्झाइल्स रीच नावाचं बेट पूर्ण करावं लागतं, त्यानंतर अलायन्सवाले (गेममधे अलायन्स आणि हॉर्ड अशा दोन बाजू आहेत, त्यातली एक) स्टॉर्मविंड शहरात पोचतात. आपण तिथूनच सुरुवात करू.

आधी सेटिंग

नमपॅडवरची स्लॅश दाबा, कॅरेक्टर पळायचं सोडून चालायला लागेल. पळताना सेकंदाला ७ यार्ड जातो आपण, चालताना फक्त २.५, आणि हाच गावातल्या लोकांचा पण चालायचा वेग आहे, त्यामुळे कोणाच्याही मागेमागे आरामात जाता येतं. मग ऑल्ट धरून झेड दाबा, सगळी बटणं नि बार गायब होतील. माऊसचं चाक पुढे फिरवत राहिलं की कॅमेरा थेट कॅरेक्टरच्या डोळ्यांत जातो. म्युझिक कंट्रोल आणि एमने बंद होतं, थोडा वेळ तसंही फिरून बघा, पाण्याचा आवाज, पायांचा आवाज नीट ऐकू येतो.

वेशीपासून सुरू करा

स्टॉर्मविंडच्या मुख्य दरवाज्याबाहेर जो पूल आहे त्यावर मोठमोठे पुतळे आहेत, सगळे रोज त्यांच्यामधून घोडे पळवत जातात. एकेका पुतळ्याखाली थांबा, पाटीवर क्लिक करा आणि वाचा. हे ड्रेनॉर नावाच्या ऑर्कांच्या जगावर गेलेल्या मोहिमेतले वीर, आणि त्यांच्यातल्याच ट्युरालियनच्या पाटीवर लिहिलंय की तो मेला असं समजलं जातं. आता गंमत बघा, ट्युरालियन २०१७ मधे कथेत जिवंत परत आला आणि पुढे याच शहराचा कारभार पण त्याच्याकडे आला! असं काही पाटी वाचल्याशिवाय कसं कळणार? मला हे सापडलं तेव्हा मी उरलेल्या पाट्या पण वाचून काढल्या.

आत गेल्यावर एकच माणूस पकडायचा आणि त्याच्या मागे जायचं. म्हातारी एमा बघा, ती पाणी आणायला फेऱ्या मारत स्वतःशीच पुटपुटत असते, तिचं बोलणं जवळ असलात तरच चॅटमधे दिसतं म्हणून अगदी पाठोपाठ राहा, आणि चॅट वाचायला बटणं परत चालू करावी लागतील हे लक्षात ठेवा. विल्यम नावाचा पोरगा डोनाची बाहुली पळवून गल्लीबोळातून धावतो आणि ती त्याच्यामागे ओरडत पळते, यांच्यासाठी मात्र पळायचं बटण चालू करा.

मग ट्राम

स्टॉर्मविंडच्या ड्वार्व्हन डिस्ट्रिक्ट या भागातून आयर्नफोर्ज या दुसऱ्या शहराला जाणारी भुयारी ट्राम आहे. मधला टप्पा पाण्याखालून, काचेच्या बोगद्यातून जातो. ट्राममधे बसलात तर तो झपकन निघून जातो, म्हणून रुळावरून चालत जा. काचेबाहेर बुडालेलं जहाज दिसेल आणि थोडं थांबलात तर लांब मानेची नेसी पोहत जाताना दिसेल, तिच्या नावाची क्वेस्ट नाही, बक्षीस नाही, कोणीतरी फक्त बघणाऱ्यांसाठी तिला तिथे सोडलीये.

गोल्डशायरची पोरं

शहराबाहेर एल्विन जंगलात गोल्डशायर गाव आहे, तिथे सहा मुलं घोळका करून फिरताना दिसतात. सर्व्हरच्या वेळेने सकाळी ७ च्या सुमारास क्रिस्टल लेकजवळच्या घरात वरच्या मजल्यावर जाऊन बघा, हेडफोन लावून, कारण त्या घरात जे आवाज येतात ते मी इथे सांगणार नाही. सर्व्हरची वेळ बघायला मिनीमॅपच्या (कोपऱ्यातल्या छोट्या नकाशाच्या) घड्याळावर माऊस न्या, तुमची आणि सर्व्हरची दोन्ही दिसतात. पॅसिफिक वेळेच्या सर्व्हरवर उन्हाळ्यात ही वेळ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात, हिवाळ्यात साडेआठ, म्हणजे जेवणाआधी आरामात जमतं.

हॉर्डवाले असाल तर बॅरन्स नावाच्या प्रदेशामधे डोंगरावरचं श्राइन ऑफ द फॉलन वॉरियर शोधा. तिथे एक ऑर्क योद्धा निजवलाय आणि खाली एम आणि के ही अक्षरं आहेत. गेमवर काम करणारा आर्टिस्ट मिशेल कॉइटर २००४ मधेच, गेम बाहेर यायच्या आधी गेला, हे त्याचं स्मारक आहे. चॅटमधे नील (kneel) अशी कमांड टाइप केली की कॅरेक्टर गुडघे टेकतं, आधी स्लॅश द्यायला विसरू नका.

वाटेत प्रिंट स्क्रीन दाबत चला, फोटो गेमच्या स्क्रीनशॉट्स फोल्डरमधे जमा होतात. काही सापडलं की जागेचं नाव आणि सर्व्हरची वेळ एका वहीत लिहून ठेवा, कारण कितीतरी गोष्टी ठराविक वेळेलाच दिसतात आणि नंतर मित्राला दाखवायला नेलं की तिथे काहीच नसतं.