मुलाच्या अंडकोषात अचानक दुखू लागलं? या चुका टाळा

तेरा वर्षांचा मुलगा रात्री दोनला उठून बसतो. पोट दुखतंय म्हणतो, एकदा ओकतो. आई ओवा देते, पोट शेकते. सकाळी दहाला डॉक्टर खोदून विचारतात तेव्हा मान खाली घालून तो सांगतो, दुखतंय ते खाली. तोवर आठ तास गेलेले असतात.

मोठी चूक हीच. मुलं लाजेपोटी ‘पोट’ म्हणतात, आणि वृषणाचं (अंडकोषातल्या गोळीचं) दुखणं खरोखरच ओटीपोटातही जाणवतं. म्हणून पोटदुखी आणि उलटी असेल तर सरळ विचारा, “खाली दुखतंय का रे?” डॉक्टरांनीही चड्डी काढून बघितल्याशिवाय औषध लिहू नये.

भीती असते ती वृषणाला पीळ पडण्याची. ज्या दोरीवर ते लोंबतं तीच पिळली जाते, रक्त थांबतं. साधारण ६ तासांत पीळ सोडवला तर बहुतेक वेळा वृषण वाचतं. २४ तासांनंतर क्वचितच. हे तास दुखणं सुरू झाल्यापासून मोजायचे, दवाखान्यात पोचल्यापासून नव्हे.

“खेळताना बॉल लागला असेल” म्हणून थांबू नका. माराचं दुखणं तासाभरात ओसरायला हवं. वयात येणाऱ्या मुलाला इन्फेक्शन समजून अँटिबायोटिक देऊन घरी पाठवणं तर फार महागात पडतं. एक वृषण वर ओढलेलं, कडक झालेलं असेल आणि मांडीला आतून बोट फिरवल्यावर ते हलत नसेल, तर सोनोग्राफीच्या नंबरासाठी ताटकळू नये, थेट ऑपरेशनला न्यावं. डॉप्लरमध्ये, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, थोडा प्रवाह दिसला तरी अर्धवट पीळ असू शकतो.

सात ते बारा वर्षांच्या मुलांत बऱ्याचदा वृषणावरच्या छोट्याशा कोंबाला पीळ पडतो. कातडीतून कधीकधी निळसर ठिपका दिसतो, विश्रांती आणि वेदनाशामकाने बरं वाटतं. पण हे सर्जनने ठरवायचं, आपण नाही. आणि दुखणं आपोआप थांबलं तरी दाखवाच. सुटलेला पीळ पुन्हा बसू शकतो. ऑपरेशनमध्ये दुसरं वृषणही टाके घालून पक्कं करतात, कारण ते सैल असण्याचा दोष बहुधा दोन्हीकडे असतो.

निघताना चहा-बिस्किटंसुद्धा देऊ नका, भूल द्यावी लागेल. गाडीत बसल्या बसल्या हॉस्पिटलला फोन करून विचारा, सर्जन आणि भूलतज्ज्ञ आत्ता मिळतील का? नसतील तर तिथे न थांबता पुढचं हॉस्पिटल गाठा.