लघवीतल्या औषधरोधक जंतूंचा जनुकक्रम: बाटलीपासून अहवालापर्यंत

जनुकक्रम वाचणारे यंत्र सहसा दगा देत नाही. घोटाळा होतो तो त्याच्या आधी. लघवीची बाटली उन्हात राहते, कॉलनी (प्लेटवर, म्हणजे जंतू वाढवण्याच्या बशीवर, एका जंतूपासून वाढलेला ठिपका) भेसळीची निघते, डीएनएचे मोजमाप चुकते. म्हणून सुरुवात बाटलीपासूनच करावी.

नमुना आणि कॉलनी

लघवी मधल्या धारेची, निर्जंतुक बाटलीत घ्या. दोन तासांत प्लेटवर पेरा. ते जमणार नसेल तर ४ अंश सेल्सिअसला ठेवून २४ तासांच्या आत. गोव्यात काणकोण किंवा वाळपईहून बांबोळीच्या प्रयोगशाळेत नमुना आणायचा तर दोन तास वाटेतच सरतात, तेव्हा निघतानाच तो जेल-पॅक घातलेल्या पेटीत ठेवा. मासळीच्या पेटीसारखा सुटा बर्फ नको; तो वितळला की लेबल सुटते आणि झाकणाच्या फटीतून पाणी आत जाते. बोरिक ॲसिडची नळी असेल तर खुणेपर्यंत भरा. अर्धवट भरलेल्या नळीत बोरिक ॲसिड तीव्र होते आणि शोधायचा जंतूच मरतो. मे महिन्यात गाडीच्या डिकीत राहिलेल्या नमुन्यात कातडीवरचे मूठभर जंतू वाढून खऱ्या संसर्गासारखे दिसू लागतात. असा नमुना पुन्हा मागवा.

१ मायक्रोलिटरच्या लूपने (तारेच्या कडीने) सीएलईडी किंवा मॅकॉन्की आगरवर (जंतू वाढवायच्या थरावर) पेरले की एक कॉलनी म्हणजे मिलिलिटरमागे १,००० जंतू, आणि १०० कॉलनी म्हणजे १ लाख. एकच कॉलनी उचलून दोनदा स्ट्रीक करा (नव्या प्लेटवर ओढून पसरा). मात्र वारंवार सबकल्चर (वाढीतून पुन्हा नवी वाढ) करू नका. औषधाचा दाब नसला की काही जंतू प्लाझ्मिड (रोधाची जनुके वाहणारे डीएनएचे सुटे कडे) टाकून देतात. मग औषधचाचणीत (जंतू कोणत्या औषधाला दाद देतो ते पाहणाऱ्या चाचणीत) दिसलेला रोध जनुकक्रमात सापडत नाही आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. पहिल्या शुद्ध वाढीतूनच औषधचाचणी लावा, त्याच वाढीचा डीएनए काढा आणि तिचाच साठा २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांना ठेवा.

फक्त सर्वांत रोधक जंतू निवडायचा मोह टाळा. त्याच महिन्यातले, त्याच भागातले काही साधे जंतूही घ्या. नाहीतर तुलना कशाशी करणार?

डीएनए

रात्रभर वाढवलेल्या १ मिलिलिटर ब्रॉथमध्ये (पातळ खाद्यात) ई. कोलाय या जंतूच्या साधारण १०० कोटी पेशी असतात, तेवढ्या एका कॉलमला (डीएनए धरून ठेवणाऱ्या नळीला) पुरतात. जास्त घातल्या तर कॉलम तुंबतो आणि डीएनए उलट कमी मिळतो. क्लेब्सिएला या दुसऱ्या जंतूच्या निम्म्याच घ्या, कारण त्याच्या आवरणातली चिकट शर्करा डीएनएबरोबर येते आणि पुढचे एन्झाइम अडवते. आरएनए मोडणारे आरएनएज विसरू नका. शेवटच्या धुण्यानंतर रिकामा कॉलम आणखी दोन मिनिटे फिरवा, म्हणजे इथेनॉल उरत नाही. डीएनए १० मिलिमोलर ट्रिसमध्ये उतरवा. ईडीटीए असलेला बफर इथे घातक ठरतो, कारण तो मॅग्नेशियम पकडून ठेवतो आणि डीएनए कापणाऱ्या एन्झाइमला नेमके तेच लागते.

प्रमाण क्युबिट या यंत्राने मोजा, शुद्धता नॅनोड्रॉप या यंत्राने. नॅनोड्रॉप आरएनएलाही डीएनए समजतो, म्हणून त्याच्या आकड्यावर लायब्ररी (वाचनासाठी तयार केलेले डीएनएचे तुकडे) बेतू नका. प्रकाशशोषणाचे २६०/२८० (नॅनोमीटर) गुणोत्तर १.८ ते २.० आणि २६०/२३० चे २ च्या आसपास हवे.

लायब्ररी आणि रन

नेक्स्टेरा एक्सटी या लायब्ररीच्या किटला १ नॅनोग्रॅम डीएनए लागतो: ०.२ नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर, ५ मायक्रोलिटर. डीएनए जास्त पडला तर तुकडे लांब राहतात, कमी पडला तर भुगा होतो. बीड्स (डीएनए धरणारे चुंबकीय मणी) अर्धा तास बाहेर ठेवून, नीट ढवळून वापरा. ८० टक्के इथेनॉल रोज ताजे करा, आणि बीड्सना भेगा पडेपर्यंत वाळवू नका. प्रत्येक खेपेला एटीसीसी २५९२२ हा ओळखीचा ई. कोलाय आणि डीएनए काढण्यापासूनच सोबत ठेवलेली पाण्याची नळी असू द्या. पाण्यात जनुके दिसली तर भेसळ कुठे झाली ते शोधल्याशिवाय ती खेप स्वीकारू नका.

किती जंतू एकत्र लावायचे, ते गुणाकाराने ठरवा. जनुकसंच सुमारे ५० लाख अक्षरांचा, प्रत्येक अक्षर ६० वेळा वाचायचे: एका जंतूला ३० कोटी अक्षरे. मायसेक या जनुकक्रम यंत्राच्या ५०० सायकलच्या व्ही-२ किटमधून ७५० ते ८५० कोटी मिळतात, म्हणजे २४ नळ्या सुखाने बसतात. हा रन सुमारे ३९ तास चालतो. पावसाळ्यात वीज जाणारच, हे धरून यूपीएसची बॅटरी आदल्या दिवशी तपासा.

विश्लेषण

पुढची नावे सॉफ्टवेअरची आहेत. फास्टक्यूसीने वाचने (यंत्राने वाचलेले तुकडे) तपासा, फास्टपीने छाटा, स्पेड्सने जोडा, क्वास्टने मोजा. ई. कोलायची लांबी साडेचार ते साडेपाच दशलक्षांच्या आसपास यावी. काही शे तुकडे पडणे नेहमीचे. ५०० च्या वर गेले तर थांबा. लांबी १ कोटीकडे गेली तर दोन प्रजाती मिसळल्या आहेत. ई. कोलायचेच दोन वाण मिसळले तर लांबी फारशी फुगत नाही, पण वाण ओळखण्याच्या एमएलएसटी पद्धतीतल्या सात जनुकांपैकी एखाद्याच्या दोन आवृत्त्या दिसतात. भेसळ पकडायला क्रॅकन आणि चेकएम दोन्ही चालवा.

रोधक जनुकांसाठी एएमआरफाइंडरप्लस वापरताना प्रजातीचा पर्याय द्यायलाच हवा. तो न दिल्यास जायरए आणि पारसी या जनुकांतले बिंदुबदल (एकेका अक्षराचे बदल) अहवालात येत नाहीत, आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिनला दाद न देणारा जंतू कागदावर दाद देणारा दिसतो.

खरी कसोटी यादी वाचताना लागते. ई. कोलायचे स्वतःचे एएमपीसी, क्लेब्सिएलाचे एसएचव्ही, फॉसए आणि ओक्यूएक्सएबी ही जन्मजात जनुके आहेत. त्यांना नवा रोध म्हणू नका. सीटीएक्स-एम-१५ हे जनुक मिळाले तर सेफट्रायॅक्सोन हे औषध चालणार नाही. एसटी१३१ या जगभर पसरलेल्या वाणात ते वारंवार सापडते, म्हणून दोन रुग्णांत एसटी१३१ मिळणे म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे गेला असे नव्हे. ते ठरवायला एसएनपींचे (क्रमांतल्या एकेका अक्षराच्या फरकांचे) अंतर, तारखा आणि वॉर्ड एकत्र पाहावे लागतात. एनडीएम-५ हे कार्बापेनेम औषधे मोडणाऱ्या एन्झाइमचे जनुक सापडले तर पीबीपी३ या प्रथिनामध्ये चार अमिनो आम्लांची भर पडली आहे का तेही बघा, कारण ती असेल तर ॲझट्रेओनाम-ॲविबॅक्टम या औषधजोडीचा आधारही कमकुवत होतो. एनडीएम-१ चे पहिले वर्णन २००९ मध्ये आले, तेही लघवीतल्या क्लेब्सिएलावरून. मूत्रसंसर्गाकडे किरकोळ म्हणून पाहणे परवडत नाही.

मेरोपेनेम या कार्बापेनेम औषधाला रोध आहे, पण कार्बापेनेमेज (ते मोडणारे एन्झाइम) नाही? ओएमपीसी आणि ओएमपीएफ ही पोरिनची (औषध आत शिरण्याच्या दारांची) जनुके तुटली आहेत का पाहा. नायट्रोफ्युरँटोइन या औषधासाठी एनएफएसए आणि एनएफएसबी ही जनुके तपासा. प्लाझ्मिडवर काय बसले आहे हे लहान वाचनांतून ठरवू नका, कारण पुन्हा पुन्हा येणारे क्रम तिथेच तुकडे पाडतात. नॅनोपोर यंत्राची लांब वाचने जोडा. त्याच्या लिगेशन किटमध्ये लहान प्लाझ्मिड कमी दिसतात, त्यासाठी रॅपिड किट बरे.

जनुकक्रम आणि औषधचाचणी जुळली नाही तर साठ्यातून तो जंतू काढून दोन्ही पुन्हा करा. रुग्णाचे औषध मात्र औषधचाचणीवरच ठरते. जनुकक्रम यायला काही दिवस लागतात.

क्रम सार्वजनिक साठ्यात देताना महिना, नमुन्याचा प्रकार, प्रजाती आणि औषधचाचणी पुरे. गोवा लहान आहे. तालुका, वय आणि नेमकी तारीख एकत्र दिली तर गावातले लोक रुग्णाला ओळखतात, म्हणून ठिकाणाच्या रकान्यात फक्त गोवा लिहा.