लठ्ठपणा आणि रक्तवाहिन्या: घरी काय मोजायचं, कसं मोजायचं

मी २१ वर्षं बाह्यरुग्ण विभागात परिचारिका आहे. रोज तीस-चाळीस दंडांना बीपीचा पट्टा बांधते. वजन वाढलेल्या माणसाच्या रक्तवाहिन्यांवर किती ताण पडतोय, याचा अंदाज नुसत्या वजनकाट्यावरून येत नाही. शिवणकामाची टेप आणि योग्य मापाचा कफ, म्हणजे दंडाला बांधायचा बीपीचा पट्टा, हवा.

आधी टेप. उघड्या पोटावर, कपड्यावरून नको. कुशीत बोटांनी चाचपलं की सर्वांत खालची बरगडी लागते आणि तिच्याखाली कमरेच्या हाडाची वरची कड. दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप फिरवा. मागून घसरली नाही ना, आरशात बघा. श्वास सहज सोडून आकडा वाचा. पोट आत ओढू नका, सगळेच ओढतात! घेर उंचीच्या निम्म्याहून कमी हवा: उंची १६० सेंटीमीटर, तर घेर ८० च्या आत.

पोटावरच एवढा भर, कारण आतड्यांभोवतीची चरबी दाह वाढवणारी रसायनं रक्तात सोडत राहते. मांडीवरची चरबी त्या मानाने निरुपद्रवी. रक्तवाहिनीला आतून पेशींचं एकपदरी अस्तर असतं. ते नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतं, त्याने वाहिनी सैलावते (या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं). दाह वाढला, शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं, की हा वायू कमी पडतो. वाहिनी आकसते, हळूहळू ताठर होते, अस्तराखाली कोलेस्टेरॉल साचतं. आणि हे होताना कुठे काही दुखत नाही.

आता बीपी. खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर दंडाचा घेर मोजा. साधारण ३४ सेंटीमीटरपर्यंत नेहमीचा कफ चालतो, पुढे मोठा लागतो. कफवर मर्यादा छापलेली असते, ती वाचा. मागे एका बाईंचा दंड ३९ भरला. नेहमीच्या कफचं वेल्क्रो जेमतेम दोन बोटं चिकटलं आणि हवा भरताना करकरत सुटायला लागलं. वरचा आकडा १५६. मोठा कफ लावला, १४२. तोही जास्तच, पण उपचार खऱ्या आकड्यावर ठरायला हवेत. मोठा कफ मागायला अजिबात संकोचू नका. तो तुमच्यासाठीच बनवलाय.

अर्धा तास आधी चहा-कॉफी, सिगारेट, व्यायाम नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पावलं जमिनीवर ठेवून ५ मिनिटं गप्प बसा. दंड हृदयाच्या उंचीला. मिनिटाच्या अंतराने दोनदा, सकाळ-संध्याकाळ, ७ दिवस मोजा आणि वहीत लिहा. सरासरी १३५/८५ किंवा जास्त आली, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. १८०/१२० च्या वर आकडा आणि छातीत दुखणं, धाप किंवा बोलताना अडखळणं असेल, तर त्याच क्षणी दवाखाना गाठा.

चालणं आजच सुरू करा, आठवड्याला १५० मिनिटं, जरा दम लागेल इतक्या वेगाने. रक्ताचा प्रवाह जोरात अस्तराला घासतो, तेव्हा ते तो वायू जास्त बनवतं. वजन उतरलं नाही तरी हा फायदा मिळतो. वजन ९० किलो असेल तर पहिलं लक्ष्य साडेचार किलोचं ठेवा, तेवढ्यानेही बीपी उतरतं. पण आकडे सुधारले म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत. टेप महिन्यातून एकदाच लावा, सकाळी, उपाशीपोटी, त्याच जागी.