चिंतनशील पॉप गाण्यात जॅझ कॉर्ड्स आणि इलेक्ट्रॉनिक बीट कसे बसवायचे

अशा गाण्यात आधी शब्द, मग बाकी सगळं. लय 80 ते 88 बीपीएम (मिनिटाला तितके ठोके) ठेवा. इथे 84 धरू.

कॉर्ड्ससाठी रोड्स या इलेक्ट्रिक पियानोचा आवाज घ्या. डी मायनर नाइन, जी थर्टीन, सी मेजर नाइन हा जॅझमधला नेहमीचा क्रम, पण खरं काम बोटांच्या मांडणीत आहे. मूळ सूर बेसकडे सोपवा आणि हातात चारच सूर घ्या: एफ-ए-सी-ई, मग एफ-ए-बी-ई, मग ई-जी-बी-डी. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना फक्त सी उतरून बीवर येतो, बाकी तीन बोटं जागची हलत नाहीत. कॉर्ड बदलल्याचा धक्का बसत नाही, म्हणून ओळ सलग राहते. सुरुवातीचा एफ मधल्या सीच्या लगेच खालचा हवा. हेच सूर आणखी एक सप्तक खाली नेले की नुसती गिचमिड होते.

बीटमध्ये किक (ड्रम सेटचा खर्जातला ठोका) काटेकोर, हाय-हॅटच्या सोळाव्या मात्रांना 54 ते 58 टक्के स्विंग, म्हणजे जोडीतली दुसरी मात्रा किंचित उशिरा. 50 म्हणजे सरळ. 66 ला तिस्र जातीचं वजन येतं आणि गाणं उड्या मारू लागतं. स्नेअर 10 ते 15 मिलिसेकंद मागे ओढा, पण एकटा स्नेअरच. सगळी वाद्यं मागे ओढली तर रेंगाळल्याचा भास उरतच नाही. 808 या ड्रम मशीनच्या किकची शेपटी आखूड करा, नाहीतर ती बेसवर चढते; तरीही घुसमट वाटली तर किकच्या ठोक्याला बेस 3-4 डेसिबल दबेल असा साइडचेन लावा.

गाताना तोंड माइकपासून 15-20 सेंटिमीटरवर, मध्ये पॉप फिल्टर. 80 हर्ट्झखालचं काढून टाका. डिले (पडसाद) टिंबाच्या आठव्या मात्रेवर (पाऊण ठोक्यावर), म्हणजे 84 च्या लयीत 536 मिलिसेकंद. त्या पडसादातलं 4 किलोहर्ट्झच्या वरचं कापाच, कारण मराठीत ‘स’, ‘श’, ‘च’ भरपूर, आणि प्रत्येक पडसादात तेच सळसळत राहतात. रिव्हर्बला 30 मिलिसेकंद प्री-डिले (घुमारा सुरू होण्याआधीची उसंत) दिला की शब्द आधी स्वच्छ पोचतो, घुमारा मागून येतो. दोन ओळींमधल्या जागेत रोड्सची छोटी फिरत चालेल. शब्दांवर मात्र कधीच नको.

शेवटी मिक्स मोबाइलच्या स्पीकरवर ऐका. बेस गायब झाला असेल तर आवाज वाढवू नका, हलकं सॅच्युरेशन (सौम्य डिस्टॉर्शन) द्या. त्याने वरचे स्वरांश तयार होतात आणि छोट्या स्पीकरवरही बेसची चाल कळते.