डेलियाची कटिंग लावताय आणि पुढच्या वर्षी कंदही हवेत? मग या चुका टाळा

इकडे इंदूरला बरीच मंडळी दिवाळीच्या सुमारास नर्सरीतून डेलियाचं रोप आणतात, फेब्रुवारीपर्यंत फुलं बघतात आणि उन्हानं झाड वाळलं की कुंडी सरळ रिकामी करतात. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण पुढच्या वर्षीची रोपं त्याच मातीत कंदाच्या रूपात पडलेली असतात, आणि ते कंद जपून पावसाळ्यात त्यांना कोंब आणले तर कंदांच्या एका गड्ड्यावरून (झुपक्यावरून) चार-सहा कटिंग सहज निघतात.

सगळ्यात मोठा घोळ कटिंग कुठून कापायची इथेच होतो. चुकीच्या जागी कापली तरी मुळं फुटतात, फुलं येतात, खाली कंदही धरतात, पण पुढच्या वर्षी त्या कंदांना कोंबच येत नाही. डेलियाच्या कंदाला बटाट्यासारखे अंगभर डोळे नसतात, डोळे असतात ते फक्त मानेला, जिथे कंद खोडाला चिकटतो तिथे. कटिंगच्या बाबतीत हे डोळे येतात पेरावरच्या कळीतून, म्हणून निदान एक पेर मातीखाली गेलंच पाहिजे. पेराच्या जरा खाली ब्लेडनं कापा, त्या पेराची दोन्ही पानं काढा, पण ओढून तोडू नका, देठाचा छोटा तुकडा राहू दे. पानाच्या बेचक्यात बारीक हिरवा ठिपका दिसतो ना, तोच पुढचा डोळा, तो खरवडला गेला की संपलं. आणि कोंब अगदी बुडापासून उडवू नका, खालचं एक पेर गड्ड्यावर ठेवलं की तिथून परत दोन कोंब येतात.

कोंब तीन-चार इंचाचा झाला की लगेच घ्या. जाड झाला की आतून पोकळ होतो आणि पोकळ कटिंग बहुतेक वेळा सडते, कापल्यावर टोक बघायचं, भरीव असेल तरच लावायची.

आपली माळव्याची काळी माती यासाठी अजिबात नको, पाणी धरून ठेवते. धुतलेली रेती आणि कोकोपीट अर्धं-अर्धं घ्या, शेणखत मुळं आल्यावर. पहिले दोन-तीन दिवस पानं मान टाकतात तेव्हा लोक घाबरून पाणी ओततात आणि बुंधा काळा पडतो. तेव्हा पाणी नको, पानांवर नुसता फवारा मारा. वरून पॉलिथिन घातलं असेल तर कुंडी उन्हात ठेवू नका, आत अक्षरशः शिजते. उजेडाची सावली बघा आणि रोज सकाळी पिशवी थोडा वेळ उघडा. मुळं आली का हे उपटून बघायचं नाही, साधारण दोन-तीन आठवड्यांत शेंड्याला नवी पानं आली की समजायचं.

आता वेळेचं, कारण हे फारसं कुणी सांगत नाही. दिवस बारा तासांपेक्षा लहान झाला की डेलियाचा जोर वाढीवरून कंदाकडे वळतो, आणि सप्टेंबरच्या शेवटापासून आपल्याकडे तेच होतं. ऑक्टोबरच्या अखेरीस लावलेली कटिंग म्हणून खुजी राहते. ऑगस्ट ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत लावा, उशीर झालाच तर संध्याकाळी एलईडी बल्ब लावून उजेड तेरा-चौदा तासांचा करा. नुसते कंदच हवे असतील तर झाड चार-पाच इंची कुंडीतच ठेवा, गड्डा छोटा आणि घट्ट होतो, इंदूरच्या विजयनगरातल्या फ्लॅटमध्येसुद्धा ठेवायला सोपा.

ज्या झाडाच्या पानांत शिरांच्या कडेनं फिकट पिवळे पट्टे आहेत, झाड खुरटलंय, त्याची कटिंग कितीही सुंदर फूल असलं तरी घेऊ नका. ही व्हायरसची लक्षणं आहेत, तो कटिंगमधून पुढे जातो आणि मावा ही कीड तो शेजारच्या कुंडीत नेते.

मार्च-एप्रिलमध्ये पानं पिवळी पडली की पाणी बंद करा, चार बोटं खोड ठेवून कापा आणि गड्डा कोरड्या रेतीत, खालच्या मजल्यावरच्या गार कोपऱ्यात ठेवा. माळ्यावर नाही, मे महिन्यात तिथे भट्टी होते. रंगाचं नाव पेन्सिलीनं लिहून पट्टी खोडालाच बांधा, पेनची शाई उडते. महिन्यातून एकदा हात लावून बघा: सुरकुतला असेल तर रेतीवर थोडं पाणी शिंपडा, मऊ लागला तर तेवढा कंद कापून टाका, नाहीतर बाकीचेही सडतील.