खमेर मंदिरांच्या छोट्या सहलीला निघण्यापूर्वी

कंबोडियातील सिएम रीपला जाणाऱ्या सहलीची यादी करताना बहुतेक जण बॅगेपासून सुरुवात करतात. सर्वांत आधी हाती घेण्याचा कागद मात्र सहल कंपनीने दिलेला कार्यक्रम हा आहे. अंगकोर वाट, अंगकोर थोम या जुन्या राजधानीतले बायोन, ता प्रोम आणि बान्ते स्रेई ही खमेर राजवटीतली चारही मंदिरे एकाच दिवसात कोंबलेली असतील, तर प्रत्येक ठिकाणी प्रत्यक्ष किती वेळ मिळणार हे पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. माझ्या मते अंगकोर वाटला निदान चार तास हवेत आणि सहल तीन दिवसांपेक्षा आखूड नसावी. सरकारी परवाना असलेला मार्गदर्शक मिळणार का, तो कोणत्या भाषेत बोलणार आणि त्याच्यामागे किती माणसे असणार, हेही त्याच वेळी विचारावे. भिंतीवरची शिल्पे पाहताना तीस जणांच्या घोळक्यात मागे उभ्या असलेल्या माणसाला काहीही दिसत नाही.

प्रवेशाचा पास सहलीच्या दरात धरला आहे का, हे निश्चित करावे. 2017 पासून एका दिवसाचा पास 37 डॉलर, तीन दिवसांचा 62 आणि सात दिवसांचा 72 डॉलर असा दर आहे. तीन दिवसांचा पास सलगच वापरावा लागतो असे नाही, दहा दिवसांत कोणतेही तीन दिवस चालतात. पासावर धारकाचे छायाचित्र असते आणि तो मंदिरामंदिरात तपासला जातो, त्यामुळे तो बॅगेत न ठेवता अंगावरच ठेवावा. बारा वर्षांखालील मुलांना पास लागत नाही, परंतु वयाचा पुरावा म्हणून त्यांचा पासपोर्ट जवळ असावा.

पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक असावी. व्हिसा आधीच ऑनलाइन काढलेला बरा, आणि विमानाने जाणाऱ्यांनी आगमनाचा ऑनलाइन अर्ज प्रवासाच्या आधीच्या सात दिवसांत भरावा. ऑक्टोबर 2023 पासून विमाने नव्या विमानतळावर उतरतात. तो शहरापासून चाळीस किलोमीटरहून अधिक दूर आहे, म्हणून पोहोचण्याच्या संध्याकाळी कोणतेही मंदिर ठरवू नये. व्यवहार डॉलरमध्ये होतात आणि सुटे पैसे बहुधा रिएल या स्थानिक चलनात मिळतात. फाटकी किंवा डाग पडलेली डॉलरची नोट तिथे कोणी घेत नाही, त्यामुळे नोटा भारतातूनच पारखून न्याव्यात.

कपडे खांदे आणि गुडघे झाकणारे, सुती आणि सैल असावेत. अंगकोर वाटच्या सर्वांत वरच्या मजल्यावर, म्हणजे बाकानवर, याबाबत सवलत मिळत नाही आणि नुसती ओढणी खांद्यावर टाकून काम भागेलच असे नाही. बाकान बौद्धांच्या पवित्र दिवशी बंद असते. हे दिवस महिन्यातून चार वेळा, अष्टमी, पौर्णिमा आणि अमावस्येच्या आसपास येतात, त्यामुळे सहलीची तारीख ठरवताना आपले भिंतीवरचे कॅलेंडर उपयोगी पडते. एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो, म्हणून मार्गदर्शकाकडून खात्री करून घ्यावी. वर जाण्याचा जिना अतिशय उभा आहे, तेव्हा गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी आपला निर्णय आधीच घेऊन ठेवावा. पायात घट्ट बसणारे, न घसरणारे बूट हवेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सुसह्य असतो; एप्रिलमध्ये दगड तापतो आणि मे ते ऑक्टोबर पावसाचे दिवस असल्याने तेव्हा छत्री आणि डासांचे मलम विसरू नये.

यादीतला सर्वांत महत्त्वाचा भाग मात्र बॅगेत मावणारा नाही. दुसऱ्या सूर्यवर्म्याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात विष्णूसाठी उभारलेल्या अंगकोर वाटच्या पश्चिम वीथीत, म्हणजे खांबांच्या लांब दालनात, एका बाजूला कुरुक्षेत्र, तर दुसऱ्या बाजूला लंकेचे युद्ध कोरलेले आहे. पूर्वेच्या वीथीत सुमारे 49 मीटर लांबीचे समुद्रमंथन आहे. शरपंजरी पडलेले भीष्म, हनुमानाच्या खांद्यावर उभा असलेला राम आणि मंदराचलाखालचे कूर्म हे आपल्याला न सांगता ओळखता यायला हवेत, म्हणजे मार्गदर्शकाचा वेळ कथा सांगण्यात न जाता शिल्पकाराने त्या कथेचे काय केले हे दाखवण्यात जाईल. म्हणून निघण्यापूर्वी भीष्मपर्व, युद्धकांड आणि मंथनाची कथा घरातल्या मुलांसह एकदा वाचून काढावी. एक गोष्ट ध्यानात ठेवावी: ही शिल्पे प्रदक्षिणेच्या उलट्या दिशेने, मंदिर डाव्या हाताला ठेवून पाहायची आहेत. मंदिराचे तोंडही पश्चिमेला आहे. या दोन गोष्टींवरून अनेक अभ्यासक त्याचा संबंध राजाच्या अंत्यविधीशी जोडतात. आत शिरल्यावर सवयीने डावीकडे वळलात, तर शिल्पांचा क्रम उलटा लागेल.

वहीत काही आकडे लिहून न्यावेत. खमेर शिलालेखांतील काळ शकात दिलेला असतो, आणि आपल्या पंचांगातील शालिवाहन शकाप्रमाणेच त्यात 78 मिळवले की इसवी सन मिळते. खमेर साम्राज्य स्थापणाऱ्या दुसऱ्या जयवर्म्याच्या राज्याभिषेकाचा शक 724 म्हणजे 802, बान्ते स्रेईच्या प्रतिष्ठेचा 889 म्हणजे 967, आणि सातव्या जयवर्म्याने आईच्या स्मरणार्थ बांधलेल्या ता प्रोमचा 1108 म्हणजे 1186. कोकणातून जाणाऱ्यांना आणखी एक ओळख पटेल: तटांचा आणि पायाचा तो सच्छिद्र तांबूस दगड जांभाच आहे, नक्षीकाम मात्र वालुकाश्मावर केलेले आहे.

लहान मुले पोस्टकार्ड आणि बांगड्या विकायला येतात. त्यांच्याकडून खरेदी केल्यास ती शाळेबाहेरच राहतात, त्यामुळे तिथले अधिकृत नियमही तसे न करण्याचे सांगतात. हे घरच्यांना आधीच समजावून ठेवावे. ड्रोन घरीच ठेवावा, कारण परवानगीशिवाय तो उडवता येत नाही.

सूर्योदय पाहायचा असेल, तर अंगकोर वाट पहाटे पाचला उघडते. खंदकावरची वाट अंधारी असते, म्हणून छोटी विजेरी लागेल. हॉटेलमध्ये आदल्या रात्रीच डबा सांगून ठेवावा. सूर्य वर आला की बहुतेक गट नाश्त्यासाठी माघारी फिरतात आणि वीथी जवळपास रिकाम्या होतात. डबा बाहेर झाडाखाली उरकून तेव्हाच थेट पूर्वेकडे, मंथनाकडे जावे, कारण सकाळचा प्रकाश त्याच भिंतीवर पडतो. कुरुक्षेत्र दुपारनंतर पाहिले तरी चालते.