फ्लाइंग स्कूलला चेक देण्याआधी: घरात कोणीच पायलट नसलेल्यांसाठी

सीपीएलला, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्सला, काय लागतं ते तुम्ही वाचलेलं असणारच. फिजिक्स-मॅथ्स घेऊन बारावी, क्लास वन मेडिकल, डीजीसीएचे (विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचे) पेपर, २०० तासांचं फ्लाइंग. त्यात शिरत नाही. फक्त मेडिकल सगळ्यात आधी करा. डोळ्यांचं किंवा हृदयाचं काही निघायचं असेल, तर ते कर्ज काढायच्या आधी निघू दे.

माझे वडील एसटीत कंडक्टर. हॉस्टेलवर गेल्या गेल्या दोन प्रश्न आले: ‘घरात एव्हिएशनमध्ये कोण आहे?’ आणि ‘पूर्ण नाव काय?’ दुसरा कशासाठी विचारतात ते तुम्हाला सांगायला नको. तो मनाला लागतो, अजूनही लागतो. पण खिशाला भोक पाडलं ते पहिल्याने. कुठल्या स्कूलची किती विमानं हँगरमध्ये धूळ खात पडली आहेत, हे कॅप्टनच्या मुलाला घरबसल्या कळतं. आपल्या हातात असतं चकचकीत माहितीपत्रक.

आता हे नीट वाचा. ‘पूर्ण फी एकरकमी भरा, काही लाख वाचतील’ असं सांगतात. घरच्यांनी वडिलांचा पीएफ काढून, मामांची जमीन गहाण टाकून ती भरली. मग रोज संध्याकाळी बोर्डावर उद्याचा प्रोग्रॅम लागायचा: विद्यार्थ्याचं नाव, इन्स्ट्रक्टर, विमानाचा व्हीटीने सुरू होणारा नंबर. सकाळी युनिफॉर्म चढवून जावं तर आपलं नाव पुसलेलं. कधी विमान हंड्रेड-आवर इन्स्पेक्शनला (दर शंभर तासांच्या तपासणीला), कधी सुट्या भागासाठी अडकलेलं, कधी इन्स्ट्रक्टरच नोकरी सोडून गेलेला. पावसाळ्यात तर ढगच खाली उतरलेले. उडवलेले तास मांडायच्या लॉगबुकात महिनोन्‌महिने ओळ चढत नाही, पण मेसचं बिल चढतं, बँकेचं व्याज चढतं. मध्ये मोठा खंड पडला की हातचा सराव जातो, मग पुन्हा इन्स्ट्रक्टरबरोबर धावपट्टीभोवती सर्किट मारा, आणि ते तासही आपल्याच पैशाने. हप्त्याने भरणाऱ्यांची नावं मात्र बोर्डावर टिकायची, कारण त्यांचा पुढचा हप्ता यायचा असायचा. आमचे पैसे आधीच आत गेलेले. आम्हाला उडवायची घाई कोणाला असणार?

म्हणून पैसे उडालेल्या तासांच्या मागे मागे जाऊ द्या, पुढे नाही. सोडून जायची वेळ आली तर किती परत मिळणार, हे लेखी घ्या. विमानं एकूण किती हे विचारू नका, आज उडण्याजोगी किती ते विचारा. इन्स्ट्रक्टर किती, एका विमानामागे विद्यार्थी किती? कोर्स संपत आलेल्या एखाद्या मुलाला गाठा आणि त्याच्या लॉगबुकातली पहिली आणि शेवटची तारीख बघा. २०२५ पासून डीजीसीए फ्लाइंग स्कूलांना श्रेणी देते, तीही पाहा. आणि उत्तर प्रदेशातल्या फुरसतगंजच्या सरकारी फ्लाइंग अकादमीची प्रवेश परीक्षा आधी देऊन बघा, तिथे राखीव जागा आहेत. खासगी एअरलाइनच्या नोकरीत तसं काही नाही.

‘एअरलाइनमध्ये सेटिंग आहे’ म्हणणारे कन्सल्टंट आणि न उडवलेले तास लॉगबुकात चढवून देणारे, यांच्या वाऱ्यालाही उभं राहू नका. २०११ मध्ये खोट्या मार्कशीटवर लायसन्स काढलेले पायलट पकडले गेले होते. आपल्यासारख्याचं असलं काही निघालं तर सावरायला मागे कोणी नसतं.

गुरू म्हटलं की मुलं चार पट्ट्यांचा कॅप्टन शोधतात. माझं मत वेगळं आहे. बेसी कोलमन कृष्णवर्णीय स्त्री, म्हणून अमेरिकेतल्या फ्लाइंग स्कूलांनी तिला घेतलं नाही. तिला फ्रान्सला जायला सुचवलं ते शिकागोचे संपादक रॉबर्ट अ‍ॅबट यांनी, आणि ते पायलट नव्हते. ती फ्रेंच शिकली, गेली, १९२१ मध्ये लायसन्स मिळवलं. अर्थात वाट दाखवणाऱ्याने सगळं सुटत नाही. तिथलाच कृष्णवर्णीय मार्लन ग्रीन अमेरिकेच्या हवाई दलात पायलट होता, तरी एअरलाइनने डावलल्यावर त्याला तिथल्या सुप्रीम कोर्टापर्यंत लढावं लागलं. निकाल १९६३ चा, आणि कॉकपिट मिळालं त्यानंतरच.

मला वाट दाखवली दोन बॅच पुढच्या, परभणीच्या एका ताईने. तिला तेव्हा नोकरीही लागली नव्हती. मराठी माध्यमाचा म्हणून मी आरटीला, म्हणजे रेडिओवर इंग्रजीत बोलायला, घाबरायचो. रात्री फोनवर ती कंट्रोलर व्हायची, मी पायलट. ‘रनवे टू सेव्हन, क्लिअर्ड टू लँड’, मी तेच परत म्हणायचो, चुकलं की पुन्हा. तुम्हीही घाबरू नका. बरीचशी वाक्यं ठरलेली असतात, कानावर पडून पडून जिभेवर बसतात. बोलण्यात गावाकडचा हेल असला तरी चालतो, आकडा चुकलेला चालत नाही.

वरचे लॉगबुकाचे आणि विमानांचे प्रश्न तिचेच आहेत. माझी फी तेव्हा भरून झाली होती. तुम्हाला काही विचारायचं असेल तर मेसेज करा, ड्युटी संपली की उत्तर देतो. पण चेकवर सही करायच्या आधी करा.